टोकामॅकमधील रेडिओ लहरींचे सिम्युलेशन : आठ जीबीच्या लॅपटॉपवरून सुरुवात

ठाण्यात नौपाड्यातील एका घरी दर रविवारी सकाळी आमचा छोटा अभ्यासगट बसतो. ऐरोली, घणसोली आणि वाशीहून येणारे हे विद्यार्थी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे किंवा एम.एस्सी.चे असतात, त्यांच्याकडे साधारण आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप असतो, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : कोणता कोड डाउनलोड करू? या प्रश्नाचे उत्तर मी लगेच देत नाही. टोकामॅक या कड्याच्या आकाराच्या यंत्रात चुंबकीय क्षेत्राने बांधलेल्या तप्त प्लाझ्मामध्ये, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूमध्ये, रेडिओ लहर कशी जाते आणि कुठे शोषली जाते, हे संगणकावर पाहण्यासाठी लागणारे कोड खरोखरच उपलब्ध आहेत. परंतु त्या प्रत्येक कोडचा एक गुण असा की, आत काहीही घातले तरी तो रंगीत चित्र देतोच. ते चित्र बरोबर आहे की नाही, हे ठरवण्यासाठी लागणारे आकडे आधी स्वतःच्या वहीत असावे लागतात. म्हणून पुढील क्रमात कागद आधी येतो आणि मोठे कोड बरेच उशिरा येतात.

लागणारी तयारी

मॅक्सवेलची समीकरणे, संमिश्र संख्या, मॅट्रिक्स आणि साधी विकलक समीकरणे एवढे गणित पुरे. लॅपटॉपवर लिनक्स असल्यास उत्तम. विंडोज असल्यास त्यातच लिनक्स चालवण्याची सोय करून घ्यावी. पायथन आणि त्यासोबत नमपाय, सायपाय व मॅटप्लॉटलिब ही तीन पॅकेजे, तसेच पुढे उपयोगी पडेल म्हणून फोरट्रानचा मोफत कंपायलर बसवावा. या क्षेत्रातील जुने आणि विश्वासाचे कोड आजही फोरट्रानमध्येच आहेत, आणि ते शिकण्याचा कंटाळा करून चालत नाही.

लहरी कशासाठी सोडायच्या, हेही थोडक्यात लक्षात असावे. टोकामॅकमधील प्लाझ्मामधून वाहणारा विद्युतप्रवाह प्लाझ्माला तापवतो खरा, पण तापमान वाढते तसा प्लाझ्माचा विद्युतरोध तापमानाच्या दीड घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो आणि ही उष्णता अपुरी पडू लागते. ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या संमीलनासाठी दहा कोटी अंशांच्या वरचे तापमान लागते. उरलेले अंतर वेगवान अणूंच्या झोताने किंवा रेडिओ लहरींनी भरून काढावे लागते.

पहिली पायरी : वहीतले चार आकडे

संपूर्ण लेखासाठी एकच उदाहरण घेऊ, म्हणजे आकडे हातात राहतील. गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हा भारताचा पहिला टोकामॅक १९८९ साली सुरू झाला. त्याचेच सुधारित रूप म्हणजे ‘आदित्य-यू’. त्याच्या कड्याची मोठी त्रिज्या ०.७५ मीटर, प्लाझ्माच्या छेदाची लहान त्रिज्या ०.२५ मीटर, आणि मध्यभागी चुंबकीय क्षेत्र सुमारे १.५ टेस्ला असते. घनता आपण दर घनमीटरला २ × १०^१९ इलेक्ट्रॉन एवढी धरू.

आता इलेक्ट्रॉनची सायक्लोट्रॉन वारंवारता, म्हणजे चुंबकीय रेषेभोवती इलेक्ट्रॉन एका सेकंदात किती फेऱ्या मारतो तो आकडा, एका टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ असतो. १.५ ला २८ ने गुणले की ४२ गिगाहर्ट्झ येतात. तिथल्या जायरोट्रॉनची, म्हणजे या लहरी निर्माण करणाऱ्या उपकरणाची, वारंवारता ४२ गिगाहर्ट्झच का आहे, याचे उत्तर या एका गुणाकारात आहे. प्रोटॉनसाठी हाच आकडा एका टेस्लाला १५.२५ मेगाहर्ट्झ आहे, म्हणून १.५ टेस्लाला सुमारे २२.९ मेगाहर्ट्झ येतात. ड्यूटेरॉनसाठी त्याच्या निम्मे.

तिसरा आकडा प्लाझ्मा वारंवारतेचा. घनतेचे वर्गमूळ काढून त्याला ८.९८ ने गुणले की उत्तर हर्ट्झमध्ये मिळते. २ × १०^१९ या घनतेला ते सुमारे ४० गिगाहर्ट्झ येते. हीच रीत उलटी वापरली की ४२ गिगाहर्ट्झच्या लहरीसाठी कटऑफ घनता मिळते : दर घनमीटरला २.१९ × १०^१९. ज्या लहरीचे विद्युतक्षेत्र मूळ चुंबकीय क्षेत्राला समांतर असते, ती ओ-मोडची लहर या घनतेपलीकडे जाऊ शकत नाही; ती परत फिरते.

चौथा आकडा जागेचा आहे. टोकामॅकचे मुख्य क्षेत्र मोठ्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जाते, त्यामुळे आदित्य-यूमध्ये आतल्या काठावर २.२५ टेस्ला आणि बाहेरच्या काठावर १.१२५ टेस्ला मिळतील. यावरून ४२ गिगाहर्ट्झच्या अनुनादाची, म्हणजे लहरीची आणि इलेक्ट्रॉनच्या फेऱ्यांची वारंवारता जिथे जुळते ती, जागा काढली तर सोपा नियम हाती येतो : मध्यावरील क्षेत्र जितके टेस्ला, त्याच्या निम्मे मीटर ही अनुनादाची त्रिज्या. १.५ टेस्लाला ०.७५ मीटर, म्हणजे बरोबर मध्यावर, १.४ टेस्लाला ०.७० मीटर, म्हणजे पाच सेंटिमीटर आत. पुढे कोणताही कोड चालवताना क्षेत्र १.५ चे १.४ करून पाहावे, आणि शोषणाची जागा सुमारे पाच सेंटिमीटर सरकली नाही, तर कुठेतरी चूक आहे असे समजून शोध सुरू करावा.

ही उजळणी निराळ्या यंत्रासाठीही करून पाहावी. फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पात, ज्यात भारत एक भागीदार आहे, ६.२ मीटर त्रिज्येवर ५.३ टेस्लाचे क्षेत्र आणि इलेक्ट्रॉन तापवण्यासाठी १७० गिगाहर्ट्झच्या लहरी आहेत. वरच्या रीतीने थंड (म्हणजे तापमानाचा परिणाम सोडून दिलेल्या) प्लाझ्मातील अनुनाद कोणत्या त्रिज्येवर येतो ते काढावे, उत्तर ५.४ मीटरच्या आसपास यायला हवे. प्रत्यक्षात लहर तिरकी सोडली जाते आणि डॉप्लर परिणामामुळे शोषण त्याआधीच, बाहेरच्या बाजूला, होते.

दुसरी पायरी : किरण की लहर?

मासुंदा तलावात खडा टाकला तर तरंग वर्तुळाकार पसरत काठापर्यंत जातात, आणि ते कोणत्या दिशेने चालले आहेत हे बोटाने दाखवता येते. तोच हात घंगाळातल्या पाण्यात हलवला तर पाणी एकदम इकडून तिकडे हेलकावते. तिथे ‘लहर या दिशेने चालली आहे’ असे म्हणण्यात अर्थ उरत नाही, कारण हेलकाव्याची लांबी आणि घंगाळाची रुंदी सारखीच असते. पद्धत निवडण्याचा निकष नेमका हाच आहे : तरंगलांबी आणि यंत्राचा आकार यांचे गुणोत्तर.

४२ गिगाहर्ट्झच्या लहरीची निर्वातातील लांबी ७.१ मिलिमीटर असते. २५ सेंटिमीटरच्या प्लाझ्मापुढे ती लहान आहे, म्हणून हा मासुंदा तलाव झाला. येथे प्रकाशकिरणासारखा मार्ग काढत जाण्याची रे-ट्रेसिंग पद्धत चालते. आता २२.९ मेगाहर्ट्झ घेऊ. या पट्ट्यात लहरीचा वेग अंदाजे आल्फवेन वेगाएवढा (चुंबकीय क्षेत्र आणि आयनांची घनता यांवरून ठरणारा वेग) असतो, १.५ टेस्ला आणि २ × १०^१९ घनतेच्या हायड्रोजन प्लाझ्मात तो सेकंदाला सुमारे ७.३ × १०^६ मीटर भरतो आणि तरंगलांबी ३२ सेंटिमीटर येते. प्लाझ्माची लहान त्रिज्या २५ सेंटिमीटर. हे घंगाळ आहे. येथे किरण सोडले तरी कोड तक्रार न करता वळणदार रेषा काढून देईल आणि त्या रेषांना काडीचाही अर्थ नसेल. येथे संपूर्ण विद्युतक्षेत्र एकदम सोडवणारी फुल-वेव्ह पद्धतच हवी.

या दोन्हींच्या मधला पट्टा लोअर हायब्रिड लहरींचा. प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्याच ‘एसएसटी-१’ या टोकामॅकसाठी ३.७ गिगाहर्ट्झची व्यवस्था आहे. निर्वातात ही लांबी ८ सेंटिमीटर असली, तरी प्लाझ्मात शिरल्यावर चुंबकीय रेषांना लंब दिशेने ती आकसून सेंटिमीटरच्याही खाली जाते, त्यामुळे किरण वापरले जातात. मात्र काठाजवळ आणि किरण जिथे वळून एकमेकांवर येतात तिथे त्यांच्यावर फार विसंबू नये. नवख्याने या पट्ट्याने सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी : ७०० बिंदूंचा पहिला कोड

येथे घाई करू नये. हा कोड पायथनच्या चाळीसेक ओळींचा आहे आणि त्याचे उत्तर गणिताने अचूक माहीत आहे, म्हणूनच तो सर्वांत मोलाचा.

एकच मिती घ्यावी. डावीकडे निर्वात, शून्यावर प्लाझ्माचा काठ, आणि तिथून ०.२५ मीटरपर्यंत घनता शून्यापासून ३ × १०^१९ पर्यंत सरळ रेषेत वाढते, असे मानावे. ४२ गिगाहर्ट्झची ओ-मोडची लहर डावीकडून येते. हिच्यासाठी मॅक्सवेलची समीकरणे एका ओळीवर येतात : विद्युतक्षेत्राचा दुसरा विकलक, अधिक निर्वातातील तरंगसंख्येचा वर्ग गुणिले ‘एक वजा घनता भागिले कटऑफ घनता’ गुणिले तेच विद्युतक्षेत्र, बरोबर शून्य. दुसऱ्या विकलकाच्या जागी शेजारच्या तीन बिंदूंचा फरक लिहिला की तीन कर्णांचे मॅट्रिक्स तयार होते. सायपायमधील विरळ मॅट्रिक्सचा सॉल्व्हर ते क्षणार्धात सोडवतो. एका तरंगलांबीत २० बिंदू घेतले तर अंतर ०.३६ मिलिमीटर आणि एकूण बिंदू ७०० होतात.

उजव्या टोकाला क्षेत्र शून्य ठेवावे. कटऑफपासून तिथपर्यंत लहर इतकी विरून जाते की याने काही बिघडत नाही. डाव्या टोकाची सीमा-अट मात्र विचार करून लिहावी लागते, कारण तिथे येणारी आणि परतणारी अशा दोन लहरी असतात. क्षेत्राच्या विकलकात तरंगसंख्येने व काल्पनिक एककाने गुणलेले क्षेत्र मिळवले की परतणारी लहर गळून पडते आणि उजवीकडे येणाऱ्या लहरीची ज्ञात रक्कम उरते. अनेक जण येथे क्षेत्राला सरळ एक किंमत देऊन टाकतात. तसे केल्यास परतलेली लहर काठावर आपटून पुन्हा आत येते.

उत्तर तपासण्यासाठी चार कसोट्या आहेत. पहिली, कटऑफ काठापासून १८.२ सेंटिमीटरवर यायला हवा. दुसरी, शोषण कुठेच नसल्यामुळे परावर्तन-गुणांकाचे मान बरोबर १ यावे, ०.९८ नव्हे. तिसरी, प्लाझ्मातील क्षेत्राचा आकार एअरी फलनाशी जुळायला हवा आणि त्याची लांबीची मोजपट्टी ६.२ मिलिमीटर असावी. सायपायमध्ये हे फलन तयार मिळते, दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवावेत. चौथी कसोटी मला विशेष आवडते : काठ आणि कटऑफ यांच्यामध्ये क्षेत्र किती वेळा शून्य होते ते मोजावे. बरोबर उत्तर ३४ आहे.

आता एका तरंगलांबीत २० ऐवजी ६ बिंदू घेऊन पाहावे. शून्यांची संख्या ३५ होते. विरळ जाळीवर लहर थोडी हळू चालते, म्हणजे तिची लांबी किंचित कमी भरते, आणि १७ तरंगलांब्यांच्या प्रवासात ती तूट साचत साचत अर्ध्या तरंगलांबीची होते. परावर्तन-गुणांक मात्र या चुकीच्या उत्तरातही १ च राहतो. ऊर्जेचा हिशोब जुळला म्हणजे उत्तर बरोबर असेलच असे नाही, हे येथे डोळ्यांनी दिसते, आणि आमच्या गटात हा प्रयोग केल्याशिवाय कोणालाही पुढची फाइल दिली जात नाही. जाळी दुप्पट दाट केल्यावर चूक एक-चतुर्थांश होते का, तेही पाहावे. होत नसेल तर सीमा-अटीत गडबड आहे.

हे जमल्यावर थंड प्लाझ्माचा पूर्ण डायइलेक्ट्रिक टेन्सर, म्हणजे प्लाझ्मा विद्युतक्षेत्राला कसा प्रतिसाद देतो ते सांगणारे मॅट्रिक्स, लिहावा. प्लाझ्मा-लहरींचे अभ्यासक टॉमस स्टिक्स यांच्या पद्धतीत तो एस, डी आणि पी या तीन राशींत मावतो. पी म्हणजे वर वापरलेले ‘एक वजा घनतेचे गुणोत्तर’; एस आणि डी या उजव्या व डाव्या फिरकीच्या लहरींच्या राशींची सरासरी बेरीज आणि सरासरी वजाबाकी. या तिन्हींसाठी वेगवेगळी वीस-पंचवीस ओळींची फलने लिहून ठेवावीत, कारण पुढे सर्वत्र तीच लागतात. एस शून्य होते तिथे एक्स-मोडची लहर (जिचे विद्युतक्षेत्र मूळ चुंबकीय क्षेत्राला लंब असते) अनुनादात सापडते आणि समीकरण अनंताकडे जाते. उपाय म्हणून टकरींची लहानशी संख्या, वारंवारतेच्या हजाराव्या भागाएवढी, मिसळावी. मग ती निम्मी करावी, जाळी त्या प्रमाणात दाट करावी, आणि शोषलेली एकूण शक्ती बदलत नाही ना ते पाहावे. ती बदलत असेल तर दिसणारे शोषण बहुधा जाळीचे आहे, प्लाझ्माचे नव्हे.

चिन्हांचा घोळ

ही स्वतंत्र पायरी नाही, पण सर्वांत जास्त रविवार यातच गेले आहेत. भौतिकशास्त्राच्या लिखाणात काळाबरोबरचा बदल बहुधा घातांकात उणे चिन्ह ठेवून लिहितात. विद्युत अभियंते अधिक चिन्ह ठेवतात, आणि कॉमसॉलसारखे सॉफ्टवेअरही अधिक चिन्हाचेच आहे. एका संकेतातील टेन्सर दुसऱ्या संकेतातील सॉल्व्हरमध्ये तसाच उचलून ठेवला की काल्पनिक भागाचे चिन्ह उलटते आणि शोषणाऐवजी वर्धन होते. माझ्या स्वतःच्या एका जुन्या चित्रात प्लाझ्मा अँटेनालाच शक्ती पुरवत होता, आणि रंग इतके छान आले होते की शक्तीचा आकडा ऋण आहे हे मला चार दिवसांनी दिसले. याच संकेतावर डी या राशीचे चिन्हही अवलंबून असते, आणि चुंबकीय क्षेत्राची दिशा उलटली तरी ते बदलते. म्हणून प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत ‘काळाचे चिन्ह उणे, क्षेत्राची दिशा अमुक’ असे मराठीत लिहून ठेवण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे.

एककांचा घोळ त्याच्याच शेजारचा. १०^१९ प्रतिघनमीटर आणि १०^१३ प्रतिघनसेंटिमीटर एकच. जुने कोड दुसरे एकक पसंत करतात. तापमान इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये की किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, तेही दर वेळी पाहावे.

चौथी पायरी : खऱ्या यंत्राचे क्षेत्र

आरंभी गोल छेदाचा प्लाझ्मा, मोठ्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणातील क्षेत्र आणि मध्यावर कमाल असलेली परवलयाकार घनता, एवढेच घ्यावे. त्यानंतरच प्रत्यक्ष समतोल-फाइलकडे, म्हणजे यंत्रातील स्थिर प्लाझ्माच्या चुंबकीय क्षेत्राची माहिती देणाऱ्या फाइलकडे, वळावे. ही फाइल बहुतेक ठिकाणी जी-ईक्यूडीएसके नावाच्या जुन्या पद्धतीची असते. पहिल्या ओळीत ४८ अक्षरांची माहिती आणि तीन पूर्णांक, पुढे प्रत्येक ओळीत पाच संख्या, प्रत्येक संख्येला १६ घरे. यातील खाच अशी की, ऋण संख्या आली की तिचे उणे चिन्ह आधीच्या संख्येला चिकटते आणि मध्ये रिकामी जागा उरत नाही. रिकाम्या जागांवर ओळ तोडणारा पायथनचा नेहमीचा उपाय येथे फसतो. दर १६ अक्षरांनी ओळ कापावी.

या फाइलमधील मुख्य गोष्ट म्हणजे चुंबकीय फ्लक्सचा तक्ता, प्रति रेडियन वेबरमध्ये. त्याच्या विकलकांवरून आडव्या छेदातील क्षेत्र मिळते. किरणाच्या समीकरणांना क्षेत्राचाही विकलक लागतो, म्हणजे फ्लक्सचा दुसरा विकलक. बिंदूंमध्ये सरळ रेषा ओढून काम भागवले तर हा दुसरा विकलक चौकटीचौकटीला उड्या मारतो आणि किरण विनाकारण थरथरतो. क्यूबिक स्प्लाइन वापरावा. फ्लक्स, प्रवाह आणि क्षेत्र यांच्या दिशांचे संकेत प्रत्येक प्रयोगशाळेत निराळे असतात. सॉटर आणि मेदवेदेव यांनी २०१३ साली या संकेतांना क्रमांक दिले, ते ‘कोकोस’ या नावाने ओळखले जातात. ज्याने फाइल दिली त्याला कोकोस क्रमांक विचारावा. विचारायला लाज वाटण्याचे कारण नाही, कारण कित्येकदा देणाऱ्यालाही तो शोधावा लागतो.

पाचवी पायरी : किरण सोडणे

किरणाची समीकरणे यांत्रिकीत शिकलेल्या हॅमिल्टनच्या समीकरणांसारखीच आहेत. कणाच्या संवेगाच्या जागी तरंग-सदिश आणि हॅमिल्टोनियनच्या जागी वितरण-संबंधाचे (लहरीची वारंवारता आणि तरंग-सदिश यांना जोडणाऱ्या समीकरणाचे) फलन ठेवले की किरण पुढे कसा जाईल ते कळते. सायपायमधील तयार सॉल्व्हर पुरेसा आहे.

येथेही कसोट्या आधी लिहाव्यात. वितरण-संबंधाचे फलन किरणाच्या प्रत्येक बिंदूवर शून्य राहिले पाहिजे. ते हळूहळू सरकू लागले तर पाऊल लहान करावे. दुसरी कसोटी सममितीतून येते : टोकामॅक कड्याभोवती सर्वत्र सारखा असल्याने, मोठी त्रिज्या आणि कड्याच्या दिशेचा अपवर्तनांक यांचा गुणाकार किरणाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलू शकत नाही. हा गुणाकार बदलला तर चूक विकलकांमध्ये आहे. आमच्या अनुभवात ही कसोटी दहापैकी आठ चुका पकडते.

थंड प्लाझ्माचे समीकरण किरणाचा मार्ग बऱ्यापैकी देते, पण शोषण देत नाही. त्यासाठी तापमान घ्यावे लागते. इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन शोषणात सापेक्षतेची दुरुस्तीही टाळता येत नाही, कारण इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानातील किंचित वाढसुद्धा अनुनादाच्या अरुंद पट्ट्याचा आकार बदलते. हा भाग स्वतः लिहिण्याचा हट्ट धरू नये. येथून तयार कोडकडे जावे : ‘जेनरे’ हा रे-ट्रेसिंगचा कोड आणि ‘सीक्यूएलथ्रीडी’ हा इलेक्ट्रॉनांच्या वेगांचे वितरण सोडवणारा कोड, दोन्ही खुले उपलब्ध आहेत आणि दोन्ही लॅपटॉपवर कंपाइल होतात. जेनरे चालवल्यावर पहिले काम म्हणजे आपलेच गोल छेदाचे उदाहरण त्याला देणे आणि आपल्या किरणावर त्याचा किरण ठेवून पाहणे.

जायरोट्रॉनमधून निघणारा झोत एका रेषेचा नसून त्याला जाडी असते. म्हणून एका किरणाऐवजी किरणांची जुडी सोडतात, किंवा झोताची रुंदी सोबत घेऊन चालणारा ‘टॉरबीम’सारखा कोड वापरतात. आदित्य-यूसारख्या लहान यंत्रात तापमान काही शे इलेक्ट्रॉनव्होल्टच असल्याने, ओ-मोडची लहर पहिल्या फेरीत पूर्ण शोषली जात नाही. उरलेली भिंतीवर आपटून फिरते. सिम्युलेशनमध्ये एका फेरीत १०० टक्के शोषण दिसले, तर आनंद मानण्याआधी तापमानाचे एकक पुन्हा पाहावे.

सहावी पायरी : फुल-वेव्ह, जपून

आयन सायक्लोट्रॉन पट्ट्यात (वरच्या २२.९ मेगाहर्ट्झसारख्या) संपूर्ण छेदावरचे विद्युतक्षेत्र एकदम सोडवावे लागते. येथे सममितीचा मोठा फायदा होतो. कड्याभोवती सर्व सारखे असल्यामुळे अँटेनाचे क्षेत्र फूरिए घटकांत फोडून प्रत्येक घटक स्वतंत्रपणे, दोन मितींत, सोडवता येतो आणि शेवटी बेरीज करता येते. थंड प्लाझ्मासाठी फायनाइट एलिमेंट पद्धतीने असा एक घटक आठ जीबीच्या लॅपटॉपवर आरामात बसतो.

गरम प्लाझ्मा घेतला की चित्र पालटते. समजा, छेदाच्या दोन दिशांना प्रत्येकी २०० फूरिए घटक घेतले आणि क्षेत्राचे तीन भाग धरले. एकूण अज्ञात संख्या १,२०,००० झाल्या. गरम प्लाझ्मात एका ठिकाणचा प्रवाह आजूबाजूच्या क्षेत्रावरही अवलंबून असतो, म्हणून मॅट्रिक्स भरगच्च असते. १,२०,००० चा वर्ग गुणिले संमिश्र संख्येचे १६ बाइट, म्हणजे सुमारे २३० जीबी, तेही केवळ साठवण्यासाठी. ‘एओआरएसए’सारखे कोड महासंगणकावर का चालतात ते या हिशोबावरून कळावे. ‘टॉरिक’ हा कोड आयनाच्या फेरीची त्रिज्या तरंगलांबीपेक्षा लहान मानून काम हलके करतो. भाड्याने सर्व्हर घेणे हाही मार्ग आहे (आणि तो सर्व्हर महापे-रबाळे पट्ट्यातल्याच एखाद्या डेटा सेंटरमध्ये असू शकतो, म्हणजे घरापासून थोड्याच स्टेशनांवर), पण तासागणिक पैसे पडतात, तेव्हा लहान जाळीवर सर्व तपासल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

भौतिकीतील एक गोष्ट न समजता हे कोड चालवू नयेत. एकाच प्रकारच्या आयनांच्या प्लाझ्मात नेमक्या त्यांच्याच सायक्लोट्रॉन वारंवारतेची लहर सोडली, तर आयन ज्या दिशेने फिरतात त्या फिरकीचा विद्युतक्षेत्राचा भाग अनुनादाच्या जागी जवळपास नाहीसा होतो, आणि शोषण होतच नाही म्हटले तरी चालेल. म्हणून ड्यूटेरियमच्या प्लाझ्मात काही टक्के हायड्रोजन मिसळून त्या अल्पसंख्य आयनांना तापवतात. त्यांचे प्रमाण कमी असल्याने लहरीची फिरकी बहुसंख्य आयन ठरवतात आणि योग्य भाग शिल्लक राहतो. हायड्रोजनचे प्रमाण १ टक्क्यापासून २० टक्क्यांपर्यंत बदलत नेले की शोषण आधी वाढते आणि मग लहर दुसऱ्याच, मिलिमीटरांत मोजायच्या, लहरीत रूपांतरित होऊ लागते. ही आखूड लहर जाळीवर नीट बसली नाही तर चित्रात बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटते. त्या नक्षीला नवा शोध समजून कोणी मला रात्री फोन केला आहे, हे नाव न घेता नमूद करतो.

तीन मितींतील खऱ्या आकाराचा अँटेना घ्यायचा असेल, तर ‘एमएफईएम’ या खुल्या ग्रंथालयावर आधारलेले ‘पेट्रा-एम’ पाहावे. ते पहिल्या वर्षाचे काम नव्हे.

नोंदी आणि वीज

प्रत्येक रनची वेगळी फोल्डर, तिच्यात इनपुट फाइल, कोडची आवृत्ती आणि दोन ओळींची टीप एवढे असावे. लांब चालणाऱ्या रनने दर तासाला मधली स्थिती डिस्कवर लिहून ठेवावी. एका जुलैत पावसाने वीज गेली आणि माझा तीन दिवस चाललेला हिशोब इन्व्हर्टर संपताच गेला. मधली फाइल लिहिण्याची सोय कोडमध्ये होती, मी ती बंद ठेवली होती.

सातवी पायरी : प्रयोगाशी तुलना

शेवटी आपले उत्तर मोजमापापुढे ठेवायचे असते, आणि येथे घनतेचा आकडा सर्वांत नाजूक ठरतो. आपल्या उदाहरणात मध्यावरील घनता २ × १०^१९ होती आणि कटऑफ २.१९ × १०^१९. या घनतेला मध्यावर अपवर्तनांक केवळ ०.२९ उरतो, त्यामुळे किरण मध्याजवळ जोरात वळतात. आता घनतेच्या मोजमापात १० टक्के चूक धरली तर वरची किंमत २.२ × १०^१९ होते, म्हणजे कटऑफच्या पलीकडे. एका रनमध्ये किरण मध्यापर्यंत पोहोचून शोषला जातो आणि दुसऱ्यात तो मध्याला न पोहोचताच माघारी फिरतो. दोन्ही रन मोजमापाच्या मर्यादेत तितकेच खरे असतात. म्हणून अहवालात एक चित्र कधीच देऊ नये. घनता १० टक्के खाली, आहे तेवढी आणि १० टक्के वर, असे तीन रन शेजारी शेजारी ठेवावेत, प्रत्येकाखाली कटऑफ घनता लिहावी, आणि शोषलेल्या शक्तीचे तिन्ही आकडे द्यावेत.